केशरताईची बुडबुड

एक होतं काचेचं घर. काचेच्या घरात पाणी. पाण्यात राहायची केशरताई. मासोळी. अंग केशरी, शेपटी मोठी.

तिच्यासोबत राहायचा थेंबू. गोगलगाईचं इवलंसं पोर.

थेंबू म्हणायचा, "मी ताईचा भाऊ."

ताई म्हणायची, "गोगलगाय कुठे मासोळीचा भाऊ असते का रे, शेंबड्या?"

"असते! मी आहे!"

"बरं बाबा, आहेस."

कोपऱ्यात होता पंप. पंप पाण्यात हवा सोडायचा. बुडबुड, बुडबुड. दिवसभर बुडबुड.

एक दिवस घरातली माणसं सुट्टीला निघाली. समुद्र बघायला.

आई म्हणाली, "गॅस बंद केला?"

"केला," बाबा म्हणाले.

"नळ?"

"केले."

"दाराजवळचा मोठा खटका?"

"हा बघ." बाबांनी मोठा खटका खाली ओढला. खट्!

दिवे गेले. पंखा थांबला. आणि बुडबुडही थांबली. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"माशाला खाऊ?"

"शेजारच्या नलूकाकू घालतील. किल्ली दिलीय त्यांना."

दार लागलं. धाड!

पाणी गप्प झालं. केशरताई वर आली. तोंड उघडलं, मिटलं. आप्… आप्… आप्…

"ताई, काय झालं?"

"श्वास मिळत नाही रे."

"मी आणतो."

"जाऊ नकोस. इथेच बस."

पण थेंबू निघाला. सुळू सुळू सुळू.

पंपाकडे गेला.

"पंपा पंपा, हवा सोड.
माझ्या ताईला श्वास मिळेना!"

पंप म्हणाला, "खटका वर होत नाही, मी हवा सोडत नाही. जा!"

थेंबू काच चढला. काच उतरला. भिंत चढला. सुळू सुळू सुळू.

"खटक्या खटक्या, वर हो.
पंप हवा सोडेना,
माझ्या ताईला श्वास मिळेना!"

खटका म्हणाला, "काकू दार उघडत नाहीत, मी वर होत नाही. जा!"

थेंबूने वळून पाहिलं. ताई वरच होती. आप्… … आप्…

तो दाराच्या फटीतून बाहेर गेला. आता ताई दिसेना.

नलूकाकू गॅलरीत मेथी निवडत होत्या.

"काकू काकू, दार उघडा.
खटका वर होईना,
पंप हवा सोडेना,
माझ्या ताईला श्वास मिळेना!"

काकू म्हणाल्या, "खाऊच ना? संध्याकाळी घालते की! आणि दार उघडू कशाने? आत्ता इथेच ठेवली होती मेली किल्ली. किल्ली सापडत नाही, मी दार उघडत नाही. जा!"

संध्याकाळी! संध्याकाळ किती लांब होती.

थेंबू निघाला. सुळू सुळू सुळू. किल्ली होती मनीमाऊच्या पोटाखाली. नुसतं टोक दिसत होतं.

"किल्ली किल्ली, बाहेर ये.
काकू दार उघडेनात,
खटका वर होईना,
पंप हवा सोडेना,
माझ्या ताईला श्वास मिळेना!"

किल्ली म्हणाली, "मनीमाऊ उठत नाही, मी निघत नाही. जा!"

"मनीमाऊ मनीमाऊ, ऊठ.
किल्ली निघेना,
काकू दार उघडेनात,
खटका वर होईना,
पंप हवा सोडेना,
माझ्या ताईला श्वास मिळेना!"

मनीमाऊने एक डोळा उघडला. "इथे ऊन छान लागतंय. ऊन सरकत नाही, मी उठत नाही. जा!" डोळा मिटला. घुर्र, घुर्र.

"उन्हा उन्हा, सरक.
मनीमाऊ उठेना,
किल्ली निघेना,
काकू दार उघडेनात,
खटका वर होईना,
पंप हवा सोडेना,
माझ्या ताईला श्वास मिळेना!"

ऊन म्हणालं, "मी सरकतंय की. हळूहळू. मी कुणासाठी पळत नाही. कुणासाठी थांबत नाही."

ऊन 'जा' म्हणालं नाही. जायला आता कुणी उरलंच नव्हतं.

थेंबूचं अंग वाळलं. शिंगं आत गेली. तो शंखात शिरला. शंखात अंधार.

अंधारात त्याला ऐकू येत होतं. आप्… … आप्… … …

मग तेही येईना.

"ताई!"

थेंबू बाहेर आला. कुणाला काही विचारलं नाही. सरळ मनीमाऊच्या मिशीवर चढला. मिशीवरून नाकावर. आणि नाकावर बसला. गार गार. चिकट चिकट.

"शी! हे काय? आँ… आँ… आँक्छी!"

मनीमाऊ उडाली. थेंबू पडला. टुप्!

मनीमाऊ उठली, किल्ली निघाली. खळ्ळ!

"इथे लपली होती होय!" काकू वाकल्या. किल्लीवर थेंबू पडला होता. "अगं बाई! हा तर माशाच्या घरातला. हा बाहेर कसा आला?"

काकूंच्या मांडीवरची मेथी सांडली. काकू धावल्या.

किल्ली निघाली, काकूंनी दार उघडलं. करकर!

"देवा! भाऊजींनी माशाची हवासुद्धा बंद केली!"

काकूंनी दार उघडलं, खटका वर झाला. खट्!

खटका वर झाला, पंपाने हवा सोडली. बुडबुड, बुडबुड!

काकूंनी थेंबूला पाण्यात सोडलं. तो खाली गेला. खाली, खाली.

तळाशी ताई आडवी पडली होती.

"ताई, बुडबुड आणली."

ताई हलली नाही.

"ताई, ऊठ ना."

बुडबुड, बुडबुड. काकू काचेला नाक लावून बसल्या.

बुडबुड, बुडबुड.

थेंबू ताईच्या पंखाला चिकटला. घट्ट. किती तरी वेळ.

पंख हलला. थोडासाच. मग शेपटी हलली. मग तोंड उघडलं.

आप्.

"उशीर केलास रे," ताई म्हणाली.

"पळत आलो, ताई."

पंपाने हवा सोडली, थेंबूच्या ताईला श्वास मिळाला.

गोष्ट इथे थांबली. बुडबुड काही थांबली नाही.