वडाच्या ढोलीतला क्रांतिवीर

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, म्हणून गावात स्मृतिस्तंभ उभा राहिला. इंग्रजांच्या तारा तोडून तुरुंगात गेलेल्या आणि तिथंच वारलेल्या रखमाजी सुतारांचं नाव त्यावर कोरायचं होतं. पण सरपंच दौलतराव आडवे आले.

"तारा माझ्या वडिलांनी तोडल्या! त्रेचाळीसच्या वटपौर्णिमेला, अशा पवित्र दिवशी, ते दिवसभर पारावरच्या वडाच्या ढोलीत लपले होते. तिकडे चिटपाखरूही फिरकलं नाही."

रखमाजींची लेक अनसूया डोळे पुसू लागली. सरपंचांपुढे बोलणार कोण?

जमलेल्या बायकांतल्या यमुनाकाकूंनी मनोमन देवाला हात जोडले आणि पदर सावरून त्या पुढे झाल्या.

"दौलतराव, ती माझी पहिली वटपौर्णिमा. सकाळपासून गावातल्या साऱ्या सवाष्णी त्याच वडाला सूत गुंडाळत फेऱ्या घालत होत्या. आंब्यांचं वाण आम्ही त्या ढोलीतच ठेवलं. तुमचे वडील आत असते, तर सात जन्मांसाठी बांधूनच ठेवलं असतं की आम्ही त्यांना!"

बायका खळखळून हसल्या. सरपंच गोरेमोरे झाले. "मग... दिवस दुसरा असेल."

"असेल ना. तो आठवेपर्यंत दगड थांबणार नाही. रखमाजींचा दिवस तुरुंगाच्या कागदावर लिहिलेला आहे."

पाथरवटानं छिन्नी उचलली आणि अनसूयेकडे पाहिलं. "ताई, वडिलांचं पूर्ण नाव सांगा."