कपाटातला राउटर

घरोघरी वायफाय नुकतंच येत होतं, तेव्हाची गोष्ट. सगुणाबाईंनी राउटर लोखंडी कपाटात कोंडला होता, कारण बैठकीत तो वाईट दिसे. मागच्या खोलीत त्यांचे सासरे अंथरुणाला खिळलेले. फोनवर त्यांच्या बहिणीचा, बनूचा, चेहरा सारखा थिजायचा आणि बोलणी मात्र राउटरला बसायची.

"जरा जोर लाव की," कपाट म्हणालं.

"लोखंडातून किती जोर लावू? दार उघड."

"तुझं हे ध्यान चारचौघांत मांडायचं?"

"मी शोभेला आलेलो नाही. आता एकही दिवा लावणार नाही. बघतोच, कसं उघडत नाहीत ते!"

राउटरने दिवे मालवले. घरात एकच ओरडा झाला. सगुणाबाईंनी तणतणत दार उघडलं, तर हाताला चटका बसला. "अगंबाई, हा तर गुदमरलाय!" त्यांनी त्याला घराच्या मधोमध फळीवर ठेवलं. दिवे लागले, आणि मागून सासरे ओरडले, "सूनबाई, आमच्या बनूला एकच दात उरलाय गं!"

दसऱ्याला पाहुणे येणार म्हणून सगुणाबाईंनी राउटर वायर न काढताच पुन्हा कपाटाकडे नेला. त्याने त्यांच्या हातातच दिवे मालवले. त्यांनी त्याला मुकाट्याने फळीवर परत ठेवलं.