साळुंकीचा दुसरा पाय

"पाय किती?" मुजावर सरांनी विचारलं.

शर्वाणीला वाटलं, सर थट्टा करताहेत. तीन महिने मान मोडून तिनं लाकडी ठोकळ्यावर साळुंकी कोरली होती. तिचा पहिला ठसा आत्ताच कागदावर उतरला होता, पिसन् पीस मोजून घ्यावं असा. सरांनी मान डोलावली, की तो चार दिवसांनी प्रदर्शनात लागणार. शर्वाणीचं पहिलंवहिलं प्रदर्शन! घरी तर तिनं कधीच सांगून टाकलं होतं.

"दोन," ती म्हणाली.

"आणि बागेतल्या तिला?"

...

सरांच्या कार्यशाळेसमोरच्या बागेत ती दोघं रोज सकाळी ज्या बाकावर बसत, तिथंच ती साळुंकी यायची. पतंगाच्या मांज्यानं तिचा एक पाय गेला होता. उरलेला पाय पोटाखाली बरोबर मधोमध रोवून ती खुशाल दाणे टिपायची.

"एकच," शर्वाणी म्हणाली. "पण सर, बघवत नाही हो. म्हणून मी दिला तिला दुसरा."

"तिनं मागितला होता?"

सरांनी कोरणी तिच्या हातात ठेवली. "काढ तो."

"सर! लाकडातलं एकदा काढलं की परत येत नाही."

"ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

...

त्या एका पायावर, त्याच्या इवल्याशा नखांवर, शर्वाणीचा आख्खा आठवडा गेला होता. तिचे डोळे भरून आले. तरी तिनं कोरणी टेकवली आणि पाय तासून काढला.

पुन्हा शाई फिरवली. कागद ठेवून घासला. अलगद उचलला.

उरलेला पाय पोटाच्या एका कडेलाच राहिला होता आणि साळुंकी दुसऱ्या अंगाला कलली होती. जरा वारा लागला तर तोंडावर आपटेल अशी.

"बघा सर! पाय काढला आणि ही पडायलाच लागली," शर्वाणी रडकुंडीला आली. "सगळं वाटोळं झालं."

मुजावर सर उठले. फळीवरचा एक कोरा ठोकळा काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. मग बागेकडचं दार उघडलं.

"आत्ता नाही पडली, पोरी. दुसरा पाय दिलास ना, तेव्हाच पडली ती."