न लागलेला दिवा

“किल्ली दे, आक्का. तिसऱ्यांदा सांगतोय.”

“तीसदा सांग.”

“गाडी माझी हाय.”

“हाय की. मी गाडी कुठं घेतली? किल्ली घेतली.”

किल्ली बायडाक्काच्या पदराच्या गाठीत होती. गाठ तिनं कमरेला खोचली आणि जुन्या टायरवर बसून राहिली.

तिचं गॅरेज घाटाच्या माथ्यावर. तिथून पुढे अकरा किलोमीटर नुसता उतार. चाळीस वर्षं ती तिथे उतरणाऱ्या गाड्या बघत आली, आणि दोरखंड लावून दरीतून वर काढलेल्याही.

जोतिराम तिचा शिष्य. सहा वर्षं तिच्या हाताखाली होता. मग कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज काढलं, गाडीचा रोग वाचणारा कॉम्प्युटर घेतला, आणि गेल्या दिवाळीत ही गाडी. अठरा वर्षांची, काळी, लांबलचक, आत चामड्याच्या सीटा. अशा गाडीला पूर्वी तो फक्त पुसायला हात लावायचा.

बायको उर्मिला. सातवा महिना सरलेला. तिला बाळंतपणाला कुडाळला, माहेरी सोडायला तो निघाला होता. वाटेत थांबला तो आक्काला गाडी दाखवायला. पाया पडायलाही, पण ते नंतर सुचलं.

आक्का हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एकदा फिरली. मागचा भाग बसलाय, म्हणाली. जोतिरामनं हसून सांगितलं, हवेवरचे शॉक आहेत, रात्रीत हवा जाते, सकाळी पाच मिनिटं थांबलं की गाडी उठते. नव्या जोडीला सत्तर हजार पडतात, पाच मिनिटं फुकट मिळतात. रिव्हर्सला झटका देते का, तिनं विचारलं. देते. गिअरबॉक्स उघडला तर लाखाच्या आत मिटत नाही, म्हणून तो गाडी लावतोच अशी की मागे घ्यावी लागू नये. आणि तेल जळल्याचा वास? वास काय, येतच असतो.

हे सगळं तिनं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, मीटरवर दिवे किती पेटतात?

“एक न्हाई,” जोतिराम म्हणाला. “अठरा वर्षांची गाडी, आक्का. मीटर बघ, आरशागत.”

तेव्हा तिचा चेहरा उतरला. खिडकीतून हात घालून तिनं किल्ली काढून घेतली.

भांडण तिथून सुरू झालं होतं.

जोतिराम बरंच बोलला. तुझ्या जीपा वेगळ्या, ही गाडी वेगळी. तू हातोडी मारून शिकलीस, इथं हातोडी चालत नाही. तुला आता नवं काही बघवत नाही. शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर त्यानं खाली बघितलं.

आक्कानं पदराची गाठ सोडली. किल्ली काढली.

जोतिरामनं हात पुढे केला.

त्या हातावरून नेऊन तिनं ती उर्मिलेला दिली.

“पोरी, म्होरं बस. किल्ली एकच घर फिरव. इंजिन सुरू करू नको.”

उर्मिला घाबरली. मी कधी हात लावला नाही, म्हणाली.

“म्हणूनच तुला सांगितलं. दिवे लागतील. मोज.”

जोतिराम म्हणाला, “आक्का, ऊन चढतंय. निघू दे आम्हाला.”

उर्मिला स्टिअरिंगमागे कशीबशी बसली. किल्ली फिरवली. काळ्या काचेवर दिवे उमटले, लाल, पिवळे. ती बोट लावून मोजू लागली.

“नऊ.”

“परत मोज.”

“...नऊच आहेत, आक्का.”

बायडाक्का जोतिरामकडे वळली. पहिल्या दिवशी याच गॅरेजात तिनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला होता, दिवे न मोजता गाडी सुरू केली म्हणून. किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत. मग इंजिन सुरू झालं की विझले पाहिजेत. सहा वर्षं त्यानं रोज मोजले होते.

“किती असत्यात?”

जोतिराम मीटरकडे बघू लागला.

“तिला सांग. मला ठाऊक हाय.”

“दहा,” जोतिराम म्हणाला.

आक्कानं त्याच्यापुढे स्क्रू-ड्रायव्हर धरला. तो गाडीत वाकला. मीटरचे स्क्रू कुठे दडलेत ते त्याला शोधावं लागलं नाही. उर्मिला शेजारून ते बघत होती.

आतून काळ्या पट्टीचा तुकडा निघाला. नखाएवढा.

“हे तुम्ही चिकटवलं?”

“मधेच लागायचा, मधेच जायचा,” जोतिराम म्हणाला. “तू घाबरशील म्हणून.”

बाई घाबरेल म्हणून लपवलं. हे वाक्य बायका जन्मभर ऐकत आल्या. घाबरलेला कोण असतो, ते विचारायची आपल्यात पद्धत नाही.

उर्मिला इतकंच म्हणाली, “घाबरायला हवं होतं ना मी.”

मग जोतिराम भराभर बोलू लागला. आक्काशी की स्वतःशी, कळेना. तो ब्रेकचा दिवा. ब्रेक ऑइल कमी झालं की लागतो. पण त्यानं ऑइल भरलं होतं, महिनाभर गाडीखाली एक थेंब नव्हता. मग ऑइल जाईल कुठं? म्हणजे एक तर दिव्याचा सेन्सर खोटा, नाही तर ब्रेकचा पंप गेलेला. पंपाची किंमत गाडीच्या निम्मी. सेन्सर आठशेचा.

“दोन रोग निघाले,” आक्का म्हणाली, “म्हंजे स्वस्तातला खरा?”

त्यानं पट्टीचा तुकडा बोटांत चुरगळला.

“सुरू कर.”

उर्मिला उतरली. तो बसला. मीटर जागेवर बसवलं. हँडब्रेकनंही तोच दिवा लागतो, म्हणून तो सोडला, चाकाला आक्कानं केव्हाच दगड लावला होता.

किल्ली फिरवली. दहा दिवे लागले. इंजिन सुरू झालं. नऊ विझले.

एक राहिला. लाल.

तो मधेच लागत नव्हता, मधेच जात नव्हता. नुसता पेटलेला होता.

“कधीपास्नं पेटलाय?” जोतिरामनं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नसता.

“पट्टीला विचार. पेडलवर पाय ठेव. दाबून धर. काढू नको.”

त्यानं दाबलं. पेडल घट्ट लागलं. त्यानं मोठा श्वास घेतला, आक्काकडे बघितलं.

“धरून ठेव.”

मग त्याचा पाय हळूच खाली जाऊ लागला. त्यानं जोर वाढवला नव्हता. चिखलात रुततो तसा पाय जात राहिला, जात राहिला... आणि तळाला टेकला.

पंपातून गळणारं ऑइल पंपामागच्या बंद डब्यातच साचत होतं. खाली थेंब पडणार कुठून?

समोर पहिलं वळण दिसत होतं. वळणाच्या कठड्याला एक भगदाड होतं, जुनं, त्यात पत्र्याची पिंपं रचलेली. त्याच्यापलीकडे काही नव्हतं, झाडांचे शेंडे तेवढे. उर्मिलेनं दोन्ही हात पोटावर धरले होते.

जोतिरामनं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून तो गाडीतून उतरला. दाराला धरून उभा राहिला.

थोड्या वेळानं तो आक्कासमोर आला. तळहात उघडला. किल्लीवर घाम होता.

“ठेव, आक्का,” तो म्हणाला. “माझा मलाच भरवसा न्हाई.”

बायडाक्कानं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तिनं त्याची बोटं एकेक करून किल्लीवर मिटवली.

“आता तू भ्यालास. असू दे तुझ्याकडंच.”