झुपी आणि डब्याची घंटा

"नवी आली, आणि डब्यातला बदाम गेला!" सासूबाई कुजबुजल्या.

"तरीच गं, आई!" नणंद म्हणाली.

दाराआड होती झुपी. झुपी म्हणजे नवी सून. इवलीशी खार. तिने ऐकलं. तिची शेपटी खाली गेली.

संगणकात होता एक खेळ. झुपीचं घर त्याच खेळात. खेळात झाड, झाडात ढोली, ढोलीत डबा. डब्यावर आकडा, आत बदाम किती ते सांगणारा. काल होता पाच. आज झाला चार!

"मी नाही घेतला," झुपी म्हणाली. पण इतकं हळू, की मुंगीलाही ऐकू गेलं नाही.

डब्याकडे बघत तरी किती बसणार? डोळा मिटला, की आकडा बदलणार!

पण त्या खेळात एक गंमत होती. डब्याला घंटा बांधायची. आकडा बदलला, की घंटा वाजायची. घंटा वाजली, की सगळे जागच्या जागी थांबायचे!

झुपी निघाली. तुरुतुरु, सुर्र!

"शेळीमावशी, घंटा दे ना.
घंटा डब्याला,
बदाम कोण नेतं, कळू दे मला!"

"बें! आधी पाला आण."

तुरुतुरु, सुर्र!

"शेवगेदादा, पाला दे ना.
पाला शेळीला,
घंटा डब्याला,
बदाम कोण नेतं, कळू दे मला!"

"सुकलो गं! आधी पाणी आण."

तुरुतुरु, सुर्र!

"झरेबुवा, पाणी दे ना.
पाणी शेवग्याला,
पाला शेळीला,
घंटा डब्याला,
बदाम कोण नेतं, कळू दे मला!"

"ठिब... ठिब... घशात खडा अडकलाय. आधी खेकड्याला सांग."

तुरुतुरु, सुर्र!

"खेकडोबा, खडा काढा ना.
खडा बाजूला,
पाणी शेवग्याला,
पाला शेळीला,
घंटा डब्याला,
बदाम कोण नेतं, कळू दे मला!"

"काय? आधी मोठ्यांदा बोल!"

झुपीने पोट फुगवलं.

"मी! बदाम! घेतला! नाही!"

"हां! मग असं म्हण की," खेकडोबा म्हणाले.

खडा निघाला, टुप्! झरा वाहिला, खळखळ. शेवगा डुलला, सळसळ. शेळी जेवली, कुरुम कुरुम. घंटा मिळाली. झुपीने ती डब्याला बांधली.

सकाळ झाली.

टिण्ण!

सगळे थांबले. पडणारं पान हवेतच थांबलं. नणंदेची जांभई अर्धीच राहिली. झुपी तेवढी हलली. घंटा तिची होती ना!

तिने आकडा पाहिला. चाराचे तीन!

आणि डब्यापाशी कोण? सासूबाई! गालात बदाम. एक पाय दाराबाहेर.

झुपीने घंटा हातात धरून गप्प केली. सगळे हलू लागले.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "हा थंडीसाठी पुरायला नेत होते. काल पण एक... मीच नेला वाटतं! कुठे बरं पुरला?" त्यांनी डोकं खाजवलं. "आणि बोलले मात्र तुला!"

सासूबाईंची शेपटी खाली गेली.

झुपीने ती हळूच वर केली. आणि मोठ्यांदा म्हणाली,

"आई, तुम्ही पुरा. मी लक्षात ठेवीन."