झिपरी खारीच्या खुणा

फार पूर्वी एका रानात झिपरी खार वडाच्या ढोलीत सगळ्यांचा खाऊ सांभाळायची. ठेवणाऱ्याच्या कानात ती एक आकडा सांगायची आणि तो आकडा ऐकूनच खाऊ परत द्यायची. कोल्ह्याला मिळाला बारा. दुसऱ्या दिवशी तो ऐटीत "तेरा!" म्हणाला आणि सशाच्या शेंगा घेऊन गेला.

ससा रडत आला. झिपरी ओशाळली. "माझंच चुकलं, ससोबा. ओळीने आकडे दिले ना मी!"

तिने सगळ्यांना बोलावून नव्या खुणा दिल्या. डोळे मिटून तऱ्हेतऱ्हेच्या बियांच्या ढिगातून दहा बिया उचलायच्या. त्या ज्या क्रमाने हाती येतील, तीच खूण.

कोल्हा पुन्हा आला. "चिंचोका, बोर, चिंचोका..."

"चूक."

दिवस मावळला. दमलेला कोल्हा म्हणाला, "जाऊ दे, माझाच खाऊ दे."

"खूण?"

दुसऱ्यांच्या खुणा शोधताना कोल्हा स्वतःची साफ विसरला होता. डोकं खाजवत त्याने पुन्हा सुरुवात केली, "चिंचोका, बोर..."