दीडशे, दोनशे, अडीचशे

“ते सगळं खरं, उस्ताद. पण तिन्हींत सरस कुठली?”

श्रेणिक मगदूमने हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दस्तगीर उस्ताद बशीतला चहा फुंकत होते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं गॅरेज. वय सत्तरीला टेकलेलं. चाळीस वर्षं त्यांनी शर्यतीच्या मोटरसायकली बांधल्या होत्या, आणि नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून पार बेळगावपर्यंत त्यांचं नाव होतं.

उस्तादांनी चहा संपवला. बशी पुसून ठेवली.

दारात तीन गाड्या ओळीने उभ्या होत्या. लाल दीडशे सीसीची, निळी दोनशेची, काळी अडीचशेची. तिन्ही स्पोर्ट, तिन्ही नाक खाली घालून धावायला निघाल्यासारख्या. श्रेणिकच्या सांगण्यावरून उस्तादांच्या तीन शागिर्दांनी आपापल्या या गाड्या सकाळीच आणून लावल्या होत्या.

श्रेणिक जयसिंगपूरचा, शिकलेला इंजिनिअर. दोन वर्षं दर रविवारी त्याने या गॅरेजात हात काळे केले होते. वळणावर गाडी कशी झुकवायची, तेही इथेच शिकला होता. मग फेब्रुवारीत पन्हाळ्याच्या वाटेवर एका वळणात गाडी अंगाखालून निसटली आणि खांद्याचं हाड मोडलं.

हाड दीड महिन्यात सांधलं. गाडी त्याने विकून टाकली. आता घ्यायची ती पुरता अभ्यास करूनच, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

अभ्यासाला सहा महिने होऊन गेले होते. आजही तो एसटीनेच आला होता.

“हे बघा,” त्याने लॅपटॉप उस्तादांपुढे सरकवला. “ताकद, वजन, शून्य ते साठला लागणारे सेकंद, ॲव्हरेज, किंमत. एका हॉर्सपॉवरमागे किती पैसे पडतात, तेही काढलंय. पैशाच्या मानाने लाल पुढे. पळण्यात काळी. निळी दोन्हीकडे मधे. तिथंच सगळं अडतंय.”

“हे वजन कशाचं?”

“गाडीचं.”

“टाकी भरून?”

“भरून.”

“आणि बसणाऱ्याचं?”

“ते... ते धरलेलं नाही. कुठल्याही गाडीवर तो सारखाच की.”

उस्तादांनी लॅपटॉप बाजूला सारला.

“डोळं मिटून ओळखशील, कुठली गाडी ती?”

श्रेणिक हसला. सहा महिने ज्यांची कुंडली मांडली, त्या ओळखू येणार नाहीत?

“मागच्या सीटवर बसूनसुद्धा ओळखीन.”

“मग बस.”

उस्तादांनी गॅरेजातलं फडकं त्याच्या डोळ्यांवर बांधलं. कानात कापसाचे बोळे घातले. वर हेल्मेट चढवलं, हाताला धरून त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः पुढे बसले.

राजाराम तलावाच्या अंगाने जाणारा रस्ता. पुढे एक मोठं डावं वळण. तिथून माघारी. परत आल्यावर उस्तादांनी त्याला उतरवून एका पिंपावर बसवलं, डोळ्यांवरचं फडकं तसंच ठेवून. गाड्या हलवल्याचा, स्टँड पडल्याचा आवाज दुरून आल्यासारखा येत होता. मग दुसरी फेरी. मग तिसरी. उस्तादांनी हेल्मेट आणि कानातले बोळे काढले.

“बोल आता.”

“पहिली दीडशे,” श्रेणिक म्हणाला. “हलकी. घाई फार, पण दम नाही. दुसरी दोनशे. सरळ रस्त्याला बरी होती, वळणात मात्र अडखळली. आणि तिसरी...” त्याचा आवाज चढला. “तिसरीचं काय सांगायचं! वळणात लोण्यासारखी झुकली आणि सुटल्या सुटल्या पाठीत बुक्की घालावी तशी पळाली. ती अडीचशे. काळी. उगाच नाही लोक जास्तीचे पैसे मोजत.”

“नक्की?”

“लिहून देतो.”

उस्तादांनी फडकं सोडलं. उन्हाने श्रेणिकचे डोळे दिपले. काही दिसायच्या आत उस्तादांनी त्याचा उजवा हात धरला आणि काळ्या गाडीच्या इंजिनावर ठेवला.

गार.

मग निळीच्या.

गार.

मग लाल गाडीजवळ नेला. टेकवायची वेळच आली नाही. वीतभर अंतरावरूनच धग लागली आणि श्रेणिकने हात मागे ओढला.

तो तीन गाड्यांकडे बघत राहिला. पुन्हा काळीजवळ गेला, पुन्हा हात लावून बघितला.

“तिन्ही वेळा... लालच?”

उस्ताद फडक्याची घडी घालत होते.

श्रेणिकचे कान तापले. मग एकदम उजेड पडल्यासारखा तो म्हणाला, “कळलं. म्हणजे गाडीत काही नसतं. जे काही असतं ते चालवणाऱ्यात.”

“असं कवा म्हटलं मी?” उस्ताद जरा चिडलेच. “त्या काळीचा ब्रेक दाबून बघ एकदा. लालीला सात जन्मात जमायचं न्हाई तसं.”

“म्हणजे गाडीगाडीत फरक असतो?”

“लई असतो.”

“मग मला एकाच गाडीत तीन कशा दिसल्या?”

“ते मला काय इचारतोस? बसला होतास तू.”

श्रेणिकने लॅपटॉपकडे बघितलं. रकाने तसेच होते, आकडेही तसेच. एकही चुकलेला नव्हता, याची त्याला खात्री होती. तरी आता ते कुणा परक्या माणसाने भरल्यासारखे वाटत होते.

“मग मी करू काय, उस्ताद? आकडे बघू की नको?”

“बघ की.”

“त्यांच्यावर विश्वास ठेवू?”

“ठेव.”

“आणि घेऊ कुठली?”

उस्तादांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. मग लाल गाडीशी गेले, मागच्या सीटवर नीट मांड्या आवळून बसले आणि ते फडकं स्वतःच्या डोळ्यांवर बांधायला लागले.

“हे काय करताय?”

“गाठ आवळ जरा मागनं.”

“उस्ताद, मी... मी सहा महिन्यांत हँडल धरलेलं नाही.”

“ठाव हाय मला. गाठ आवळ.”

श्रेणिकने गाठ आवळली. त्या मोडून सांधलेल्या हाडात उगाचच कळ येऊन गेली. म्हाताऱ्याने हेल्मेट चढवलं, दोन्ही हात आपल्याच गुडघ्यांवर ठेवले. श्रेणिकला धरलंसुद्धा नाही.

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्या बांधलेल्या डोळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं, ते त्याला कळेना.

तो पुढे बसला. गाडी सुरू केली, ती बंद पडली. पुन्हा सुरू केली. उद्यमनगरातल्या टेम्पोंमधून वाट काढत तो सावकाश बाहेर पडला. दर खड्ड्याला वाटायचं, आता म्हातारा खांदा धरेल. उस्तादांनी धरला नाही.

तलाव दिसला. मग ते डावं वळण.

श्रेणिकने गिअर उतरवला. किती वेगाला किती झुकायचं, ते त्याने कधीतरी गणिताने काढून ठेवलं होतं, पण आता त्यातलं एक अक्षर आठवेना. त्याने नजर वळणाच्या पार टोकाला नेली, आणि मग गाडी झुकली की तो झुकला की मागचा म्हातारा आधी झुकला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. रस्ता पायाजवळ आला. दूर गेला. पाणी उजवीकडून मागे सरकलं.

पुढे बाभळीच्या सावलीत त्याने गाडी थांबवली. हात हँडलवरून सुटत नव्हते. घाम डोळ्यांत उतरला होता, आणि आपल्याला हसू येतंय की रडू, ते त्याला कळत नव्हतं.

इंजिन बंद केलं.

“उस्ताद...”

त्याने मान मागे वळवली.

“उस्ताद, कशी वाटली?”

उस्तादांनी डोळ्यांवरचं फडकं सोडलं नव्हतं. हात तसेच गुडघ्यांवर होते.

“थांबलास का रं?” ते म्हणाले. “वळण तर अजून आलंच न्हाई.”